केरी कोणाची

सिल्वासा,
९ जानेवारी २०२४

ती. स्व. अलकामावशीस,
अमृताचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मोबाइलवरचे मेसेज केदारदादा तुझ्या आधी वाचतो, म्हणून पत्रच लिहायचं हा तुझा हुकूम. चार महिन्यांत हे माझं तिसरंच पत्र, त्यामुळे पहिल्या दोन ओळी ओरडा खाण्यासाठी सोडते. खाल्ला. आता ऐक.

माझी तब्येत बरी आहे, खोली बरी आहे, जेवणाचं रडगाणं तेच आहे. डब्यात गुजराती डाळ येते, गोडमिट्ट. तू दिलेला सांडगी मिरच्यांचा डबा नसता तर मी कधीच बाडबिस्तरा गुंडाळून चिपळूण गाठलं असतं. पण आज जेवणाचं नाही, कामाचं लिहायचं आहे. चार दिवस मन थाऱ्यावर नाही. चहा टाकते आणि प्यायचा विसरते.

गेल्या आठवड्यात इस्पितळातून आमच्या बालसंरक्षण कार्यालयात फोन आला. सुरंगी गावातली सरुबाई नावाची बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीला मलेरिया झालेला, आणि सोबत आईवडील नाहीत. मुलीचं नाव केरी. आमच्या ऑफिसातले सगळे गुजराती बोलणारे, ते या नावावर इतके खूश झाले की विचारू नकोस. गुजरातीत केरी म्हणजे आंबा ना! शिपायाने तर तिला आंब्याची टॉफी आणून दिली. ही माणसं कोकणा आदिवासी. मी कोकणातली आणि ते कोकणा, यावरूनही माझी रोज थट्टा होते.

तर मी इस्पितळातच फॉर्म भरायला बसले आणि सरुबाईला विचारलं की मुलीशी तुमचं नातं काय. ती बाई अगदी शांतपणे म्हणाली की पोर उकिरड्यावर टाकलेली होती, मी सूपभर नागली देऊन ‘इकत’ घेतली. मावशी, माझा हात लिहिता लिहिता थांबला. नागलीला, म्हणजे आपल्या नाचणीला, पोर विकत! मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, वर मलाच समजावलं की टाकणारी कावेरी, तिच्या शेजारची. कावेरी आणि तिचा नवरा काळू द्राक्षांच्या कामाला नाशिककडे गेलेत, फोन लागत नाही.

मी जसंच्या तसं लिहिलं. जन्मदात्रीने टाकलेली, धान्याच्या बदल्यात विकलेली. शीतल मॅडमनी, म्हणजे आमच्या वरच्या बाईंनी, पाठ थोपटली आणि म्हणाल्या की नवीन असून अहवाल नेमका आहे. केरीला बालगृहात ठेवलं. २ फेब्रुवारीला बालकल्याण समितीपुढे तारीख आहे. तोवर आईवडील पुढे आले नाहीत तर तिला सुरतेकडच्या मोठ्या बालगृहात पाठवतील, आणि सरुबाईवर पोलिसात प्रकरण जाईल.

आता माझा घोळ. केरी बालगृहात जेवत नाही. बोलत तर नाहीच. आणि सरुबाई रोज सुरंगीहून बसने येते, फाटकाबाहेर दिवसभर बसते आणि संध्याकाळच्या बसने जाते. विकत घेतलेल्या पोरीसाठी कोणी असं बसतं का? तू शाळेत चाळीस वर्षं पोरं हाकलीस, तूच सांग. माझं काही चुकलं नाही ना?

केदारदादाला आणि वहिनीला नमस्कार. पत्राची वाट बघते, लवकर लिही.

तुझी,
अमृता


चिपळूण,
१५ जानेवारी २०२४

चि. अमृतास,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. तुझं चुकलंय. भलतंच चुकलंय. इतकं शिकलीस, मुंबईत मोठ्या कॉलेजात समाजकार्याची पदवी घेतलीस, आणि केरी म्हणजे आंबा? अगं गाढवे, केर! केरकचऱ्यातला केर! तिथले लोक गुजरातीत हसले म्हणून तुझे मराठी कान बंद पडले होते का?

आता मी जे लिहिते ते शांत बसून वाच. उभ्या उभ्या वाचू नकोस, तुझी सवय माहीत आहे.

माझ्या आधी आईला दोन मुलगे झाले. दोघंही वर्षाच्या आत गेले. मग मी. तेव्हा वाडीतल्या बायकांनी ठरवलं की या बाईचं मूल टिकायचं तर ते तिचं असता कामा नये. बाराव्या दिवशी मला गोठ्यामागच्या उकिरड्यावर ठेवलं. आईने पाठ फिरवली आणि घरात गेली. शेजारच्या केसरबाईंनी मला उचललं, आणि सूपभर कोंडा देऊन विकत घेतलं. म्हणून माझं नाव कोंडी. अलका हे शाळेच्या मास्तरांनी ठेवलं. राहायची मी आमच्याच घरात, दूध आईचंच प्यायची, पण हिशेबाने मी केसरबाईंची. जे घेऊन जायला येतं त्याने फसावं, म्हणून ही सगळी सोंगं.

पडला का डोक्यात उजेड? तुझी ती कावेरी पोर टाकणारी नाही, जगवणारी आहे. आणि सरुबाई केसरबाई आहे. माझ्या लग्नात आईच्या आधी केसरबाईंनी माझी ओटी भरली होती. इतका त्यांचा मान.

हे तुझ्या आईलाही नीट ठाऊक नाही. ती धाकटी, तोवर आईची भीती गेली होती, तिला सगळ्यांदेखत माझी माझी करत कडेवर मिरवायची. मला आई कधी, मरेपर्यंत, माझी म्हणाली नाही. रीत मला कळते गं. पण मी टिकले, दहा वर्षांची झाले, वीस वर्षांची झाले, तरी या बाईच्या तोंडून शब्द निघेना. तेव्हा मी मनात धरलं की हिला सवयच लागली, मी हिची उरलेच नाही. ते अजून मनात आहे. एकाहत्तर वर्षांच्या बाईने असं लिहू नये, पण आहे.

केदारला यातलं काही सांगितलेलं नाही. सून शिकलेली आहे, तिला मी उकिरड्यावरची कोंडी म्हणून माहीत व्हायला नको. वाचून हे पत्र फाडून टाक. आणि सुरंगीला जा. कागद न घेता जा.

जेवणाची आबाळ करू नकोस. मिरच्या संपल्या असतील तर कळव.

तुझी मावशी,
अलका


सिल्वासा,
२२ जानेवारी २०२४

ती. स्व. मावशीस,
अमृताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खरंच खाली बसले. पत्र फाडलं नाही, रागावू नकोस. हातच धजेना.

परवा सुरंगीला जाऊन आले. आमच्या जीपचे ड्रायव्हर गोकुळभाई, ते स्वतः जवळच्या रांधा गावचे आणि कोकणाच. वाटेत मी त्यांना केरीच्या नावाचा अर्थ विचारला. त्यांनी झटकन सांगितलं, तू लिहिलास तोच. मी चिडले, म्हटलं इस्पितळात तुम्ही माझ्या मागेच उभे होतात, मग तेव्हा का नाही बोललात! तर ते म्हणाले की अकरा वर्षं या कार्यालयात आहे, मॅडम लोक लिहीत असताना मध्ये बोलायचं नसतं, आणि मला कोणी विचारलंच नाही. मावशी, पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत बसले.

सरुबाई बसला निघायच्या आत घरीच भेटली. मी कागद नेला नव्हता, तरी तिने माझ्या हातांकडेच आधी पाहिलं. कावेरीची आधीची दोन बाळं गेली, हे गोकुळभाईंनी विचारल्यावर तिने सांगितलं. केरी कावेरीच्याच घरात वाढते. आई कामाला लांब गेली की सरुबाईकडे. इतकं साधं. माझ्या फॉर्ममध्ये ‘नातं’ या शब्दापुढे दोन इंच जागा होती, त्यात तिने खरं तेच भरलं, आणि मी त्याचा गुन्हा केला.

आता चांगली बातमी. काळूच्या मुकादमाचा नंबर मिळाला, निरोप पोचला. मुकादमाने सोडलं की कावेरी निघेल, तारखेच्या आत येईल. अंगणवाडीत तिचं बाळंतपणाचं कार्डही सापडलं, त्यावर केरीच्या जन्माची नोंद आहे. म्हणजे आता सोपं आहे. कावेरी समितीपुढे उभी राहील, ही माझी मुलगी म्हणेल, आणि प्रकरण संपेल.

पण हे मी सरुबाईला सांगितलं तर ती, जी आजवर माझ्यावर आवाज चढवून बोलली नव्हती, एकदम उठली. कावेरीला विचारायचं नाही म्हणाली. का ते सांगेना. गोकुळभाईंनी जीपची किल्ली काढली. मी निघाले तेव्हा तिने आमच्याकडे पाठ केली होती.

इकडे शीतल मॅडमना अहवाल चुकला म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या की सही केलेला अहवाल बदलणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं, आणि माझा करार मार्चपर्यंतच आहे याचीही आठवण करून दिली. वाईट नाहीत त्या, माझ्या काळजीनेच म्हणाल्या. पण केरी अजून दोन घासांवर उठते. मी रोज जाते, ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बघितलं नसतं.

सरुबाई का चिडली असेल? तुला काही कळतं का? लगेच लिही.

तुझी वेंधळी,
अमृता


चिपळूण,
२६ जानेवारी २०२४

चि. अमृतास,
आशीर्वाद. बाकी मायना राहू दे, हे पत्र वेळेत पोचायला हवं.

कावेरी नाही म्हणेल. लिहून ठेव.

सातव्या वर्षी मला शाळेत घातलं. आई घेऊन गेली. मास्तरांनी दाखला लिहायला घेतला आणि विचारलं, मुलगी तुमचीच ना? आई म्हणाली, नाही, केसरबाईंची. मास्तर वाडीतलेच, त्यांना सगळं ठाऊक, तरी कागदासाठी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मी तिथेच उभी होते. मास्तरांनी शेवटी स्वतःच्या मनाने आईचं नाव घातलं.

तू लेकराच्या आईला सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, सरकारी खोलीत वदवून घ्यायला निघालीस की पोर तिची आहे. सहा वर्षं जे लपवलं ते एका वाक्यात उघडं करायला. तिची दोन गेलीत, अमृता. ती तिसरं पणाला लावेल होय? सरुबाई चिडणार नाही तर काय तुला ओवाळेल?

विचारूच नका. कार्ड आहे ना? समितीतल्यांना डोळे आहेत ना? मनातल्या मनात वाचा म्हणावं. पोर सरुबाईच्या हातात द्या, आई मागून जाईल.

आणि तुझ्या समितीला पटत नसेल तर माझं पहिलं पत्र त्यांच्यापुढे ठेव. नावासकट. फाडलं नाहीस हे बरंच झालं. आज जेवताना केदारला आणि सुनेला मी सगळं सांगून टाकलं. केदार हातातला घास घेऊन तसाच बसला. सून उठली आणि माझ्या ताटात भात वाढला, लागत नव्हता तरी. काही बोलली नाही. बोलली असती तरी मला कुठे ऐकू येणार होतं म्हणा!

करार मार्चला संपतो तर संपू दे. इथे भाकरीला तोटा नाही.

तुझी मावशी,
अलका


सिल्वासा,
३ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. मावशीस,
अमृताचा शि. सा. न. वि. वि.

काल तारीख झाली. रात्रभर कूस बदलत होते, आता दुपारी लिहायला बसले आहे. क्रमाने सांगते, नाहीतर तूच म्हणशील की पोरीला गोष्टसुद्धा धड सांगता येत नाही.

तुझं पत्र आदल्या दिवशी दुपारी मिळालं. तेवढ्या वेळात मी नवा अहवाल लिहिला, पहिला अहवाल माझ्या अज्ञानामुळे चुकला असं स्पष्ट लिहून खाली सही केली, आणि सोबत अर्ज जोडला की कावेरीला तोंडी विचारू नये. शीतल मॅडमनी तो वाचला, कपाळाला हात लावला, आणि मग पुढे पाठवला.

कावेरी नाशिककडून आदल्या रात्रीच आलेली. माझ्यापेक्षा लहान असेल गं ती, फार तर पंचवीसची. केरीला बालगृहातून आणलं. मला वाटलं होतं, पोर आईकडे धाव घेईल. तसं काही नाही. ती कावेरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, सरुबाईकडे बघत. कावेरीने मान वळवून पाहिलंही नाही.

अध्यक्षबाई वयस्कर आहेत, गुजराती. त्यांनी माझा अर्ज चाळला आणि म्हणाल्या की समजलं, पण नियमाने एकदा विचारावं लागेल. मी उठून नको म्हणाले, त्यांनी हातानेच मला बसवलं. गोकुळभाईंना दुभाषी म्हणून बोलावलं. त्यांनी प्रश्न इतक्या हळू विचारला की दोनदा विचारावा लागला. कावेरी भिंतीकडे बघत म्हणाली की पोर तिची नाही, सरुबाईची आहे.

एक सदस्य म्हणाले की झालं तर मग, आईच नाकारते आहे, सुरतेचे कागद करा. मावशी, मी कावेरीच्या मागच्या बाकावर होते. मला एक गोष्ट दिसत होती, जी टेबलापलीकडच्यांना दिसत नव्हती. नाही म्हणताना कावेरीने केरीच्या फ्रॉकची कड मुठीत धरली होती. मूठ इतकी घट्ट, की पोर जागची तसूभर हलू शकली नसती.

मग मला राहवेना. मी उठले आणि परवानगी न मागताच बोलले. म्हटलं, चुकीचा अहवाल माझा, शिक्षा मला करा. आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. उकिरडा, कोंडा, केसरबाई, ओटी, सगळं. मराठीतच वाचलं. तुझ्या आईबद्दलचा भाग मात्र वाचला नाही, तो तुझा आहे.

अध्यक्षबाई बराच वेळ पेन्सिल फिरवत होत्या. मग गुजरातीत म्हणाल्या की त्यांच्या मोठ्या भावाचं नाव कचराभाई आहे, आणि शाळेत त्याला फार चिडवायचे. एवढंच बोलल्या. अंगणवाडीचं कार्ड मागवलं, मनातल्या मनात वाचलं, आणि न बोलता बाकीच्यांकडे सरकवलं. सगळ्यांनी वाचलं, कोणी ओठ हलवले नाहीत. निकाल झाला की मुलगी सरुबाईच्या ताब्यात, घरी, सुरंगीला. सरुबाईवर प्रकरण नाही. आईच्या नावाची जागा अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हाताने भरली आणि फाईल मिटली.

आता तुला वाटेल की सगळे माझ्या गळ्यात पडले. छे! सरुबाईने केरीचं बोट धरलं आणि ती चालायला लागली. बाहेर गोकुळभाईंकडून मला निरोप दिला की मॅडमनी काही दिवस सुरंगीला येऊ नये. मी चालेल म्हटलं. मला तेवढं लागलंच पाहिजे. आज सकाळी मेमोही आलाय, समितीत परवानगीशिवाय बोलल्याबद्दल. शीतल मॅडमनी तो देताना माझ्यासाठी चहा मागवला, आणि पुढच्या महिन्यापासून प्रत्येक चौकशीला गोकुळभाईंना आधी विचारायचं असंही ठरवलं. माझ्या कराराचं काही बोलल्या नाहीत.

पण तुला सांगायचं ते हे. बस स्टँडपर्यंत सरुबाई आणि केरी पुढे चालत होत्या, आणि कावेरी वीस पावलं मागे. केरीची पिशवी कावेरीच्या खांद्यावर. पोर एकदाही मागे वळली नाही. तिला माहीत होतं की आई मागे आहे. मी कार्यालयाच्या दारातून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होते, आणि मला तुझी फार आठवण आली.

तू बरी आहेस ना? केदारदादा तुझ्याशी नीट बोलतो ना?

तुझी,
अमृता


चिपळूण,
८ फेब्रुवारी २०२४

चि. अमृतास,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी बरी आहे. केदार आता माझ्या कानाशी येऊन ओरडून बोलतो, शेजाऱ्यांना वाटतं आमच्यात भांडणं लागलीत. तुझा मेमो मी देवापुढे ठेवणार होते, पण तू तो पाठवला नाहीस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सून घाबरली, तिला वाटलं बातमी वाईट आहे. तिला मी हातानेच सांगितलं की पोर घरी गेली.

शाळेतल्या दाखल्याची गोष्ट तुला लिहिली, पण तिचा शेवट लिहिला नव्हता. तो मला मुख्य वाटतच नव्हता. आई मास्तरांना नाही म्हणाली, तेव्हा मी मोठ्याने रडले. मास्तरांना वाटलं, पोर शाळेला घाबरली. मी रडले ते दुखलं म्हणून. आई माझ्या मागे उभी होती आणि तिने माझी वेणी मुठीत धरली होती. इतकी घट्ट, की डोक्याची कातडी ओढली जात होती. मास्तरांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आणखी घट्ट. ही गोष्ट मी तुझ्या काकांना सांगितली, मैत्रिणींना सांगितली, आईचा दुष्टपणा म्हणून सांगितली. पोर आपली नाही म्हणाली ती म्हणालीच, वर केसही ओढले.

चौसष्ट वर्षं सांगत आले, अमृता. तू त्या फ्रॉकबद्दल लिहिलंस, आणि मी स्वयंपाकघरात उभी होते ती खाली बसले.

ती माझीच माझीच म्हणत होती गं. मला ऐकू आलं नाही, तेव्हा तर माझे कान चांगले होते.

लोभ आहेच, तो तू मागायची गरज नाही. मार्चमध्ये काय होईल ते होवो, होळीला इकडे ये.

तुझी मावशी,
अलका